पायाखालची वाडी

(माटुंगा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाई मला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. वर्गात त्या पुस्तकातलंच शिकवत. पण वर्षातला एक तास त्या बाजारात घेत, आणि माझ्या आठवणीत राहिला तो तोच. गणपती बसतात त्या दिवशी संध्याकाळी आम्हा चार-पाच जणांना घेऊन त्या माटुंगा स्टेशनबाहेरच्या बाजारात जायच्या. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, म्हणून भाजीवाल्या मावश्यांनी ऋषीच्या भाजीचे वाटे लावलेले असत. एका वाट्यात देठांसकट अळूची दोन पानं, लाल माठाची जुडी, सुरणाचा तुकडा, लाल भोपळ्याची फोड, पडवळ, शिराळं, चार भेंड्या, मक्याचं अर्धं कणीस आणि आंबटपणाला दोन अंबाडे. बाई एकेक जिन्नस उचलून विचारायच्या, "हे जमिनीपासून किती उंचीवर लागतं?" सुरण मातीखाली, माठ वीतभर, अळू गुडघ्याइतकं, भेंडी कमरेइतकी, मका डोक्याइतका, पडवळ मांडवावर, आणि अंबाडा तर चांगल्या मोठ्या झाडावर. सगळी उत्तरं देऊन झाली की त्या म्हणायच्या, "आणि बैल कुठे आहे यात?"

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नियम आपल्या आज्या पाळत आल्या. नांगर न लावता जे येतं तेच त्या दिवशी खायचं. म्हणजे वर्षातून एक दिवस आपल्या घरात असं ताट वाढलं जातं, की ज्यातलं जवळजवळ सगळं एकाच परसात, एकाच्या डोक्यावर एक अशा मजल्यांनी वाढू शकतं. आज मी त्या परसाविषयी बोलणार आहे: ते आखायचं कसं आणि राखायचं कसं.

हल्ली याला फूड फॉरेस्ट म्हणतात. कोणी अन्नवन म्हणतं, कोणी खाद्यवन. शब्दांना माझी हरकत नाही. पण आपल्याकडे एक जुना, रोजच्या वापरातला शब्द आहे आणि मी तोच वापरणार आहे: वाडी. वर माड, त्याच्या खाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी नाहीतर नागवेल, मधल्या जागेत केळी, केळीच्या सावलीत हळद, आलं, अळू, पाटाच्या कडेला कर्दळ. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात रॉबर्ट हार्ट नावाच्या गृहस्थांनी एकराच्या आठव्या भागात अशी बाग उभी केली आणि तिचे सात मजले सांगितले: उंच झाडं, बुटकी झाडं, झुडपं, पालेभाज्या, जमिनीवर पसरणारी, मातीखालचे कंद आणि वेल. १९९१ साली त्यांचं पुस्तक आलं आणि जगभर ही कल्पना गेली. ती आपल्याला केरळच्या घरपरसांवरून सुचली, हे हार्ट स्वतः मोकळेपणानं लिहितात. आणि केरळची ही घरपरसं आपल्या माटुंगेकरांना वेगळी ओळखवायला नकोत. इथल्या कुठल्याही मल्याळी घरात अवियल होतं, त्यातलं सुरण, कच्चं केळं, शेवगा, कोहळा, पडवळ, वरून खोबरं आणि कढीपत्ता एका परसातूनच आलेलं असायचं. ऋषीची भाजी आणि अवियल शेजारी ठेवून बघा. दोन्हींची वाडी एकच आहे.

आता वाडी हा शब्द मुंबईत कुठे गेला ते बघू. गिरगावात आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे, फणसवाडी आहे. भुलेश्वरला फोफळवाडी, काळबादेवीला जांभूळवाडी. मुगभाट आणि बोरभाट यांतला भाट म्हणजे बागायतीची जागा. कोकणी माणूस माडाच्या बागेला आजही भाट म्हणतो. चिंचपोकळी, उमरखाडी, ताडवाडी. झाडं गेली, पत्ते राहिले. आधी वाडी म्हणजे बाग, मग बागेत बांधलेली घरं, मग चाळींचा समूह, आणि आता वाडी म्हटलं की टपालाचा पत्ता. एका शब्दाचा अर्थ दोनशे वर्षांत असा उलटा झालेला मला दुसरा माहीत नाही.

माहीमपासून दादरपर्यंतचा पट्टा म्हणजे माडांचं रानच होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे आलेल्या इंग्रजांनी त्या रानाबद्दल तक्रारी लिहून ठेवल्या आहेत, कारण माडांच्या मुळाशी बारीक मासळीचं खत घालत आणि त्याची दुर्गंधी सुटे. मुंबईच्या हवेतली रोगराई त्या वासामुळे आहे असं त्यांना वाटायचं. मला त्या तक्रारीत एक शेतकरी दिसतो, ज्याला समुद्रातलं उरलंसुरलं जमिनीत कसं जिरवायचं ते ठाऊक होतं. याच पट्ट्यातून वर केळवे-माहीम आणि वसईपर्यंत पसरलेल्या समाजाचं नावच वाडीवरून पडलं: वाडवळ. वसईच्या वाड्यांमध्ये अजून काही ठिकाणी बावखळं शिल्लक आहेत. बावखळ म्हणजे वाडीत खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि शेजारच्या विहिरी गोड ठेवतं. पूर्वी त्यावर रहाट चालत. आज ही तळी बुजवून त्यावर इमारती उभ्या राहतात, आणि मग विहिरींचं पाणी मचूळ झालं म्हणून आपण हळहळतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या नावानं जो लढा दिला, तो एका अर्थी वाडी या शब्दाचा मूळ अर्थ वाचवण्याचा लढा होता.

माटुंग्याची गोष्ट थोडी वेगळी. इथे खोलगट भातखाचरं होती, माड होते, पूर्वेला खाजण होतं. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीला उतारा म्हणून दादर-माटुंग्याची आखणी झाली. भर घालून जमीन वर उचलली, रुंद रस्ते आखले, पाच उद्यानं ठेवली. आपल्या इमारतींभोवती जी मोकळी जागा आहे ती त्या आखणीची देणगी आहे. तेव्हाच्या माणसांचे उपकार मी मानतो. फक्त एक राहून गेलं. सावली आणि फुलं यांचा विचार झाला, खाण्याचा झाला नाही. वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर लागले. आणि गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणानं मुंबईतले वर्षावृक्ष वठायला लागले तेव्हा एकाच जातीच्या झाडांची रांग किती लेचीपेची असते ते आपण पाहिलं.

याच माटुंग्यातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथल्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात, म्हणजे आजच्या वडाळ्याच्या अ‍ॅक्वर्थ रुग्णालयाच्या जागी, १८९७ साली मैल्यापासून गॅस तयार करून दिवे लावले होते, आणि सांडपाण्यावर शेती होत होती. समाजानं ज्यांना बाहेर काढलं त्या माणसांच्या वस्तीत, समाज जे बाहेर टाकतो त्यातून उजेड आणि अन्न निघत होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी. आज आपल्या सोसायटीतला भाजीचा देठ रोज देवनारच्या किंवा कांजूरच्या कचराभूमीपर्यंत ट्रकमधून प्रवास करतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं झालं, पण आज कोणी केलं आहे का? केलं आहे. गुजरातच्या सीमेवर, उंबरगाव तालुक्यातल्या देहरी गावी भास्कर सावे यांनी कल्पवृक्ष नावाची चौदा एकरांची वाडी उभी केली. माड आणि चिकू ही त्यातली मुख्य झाडं. नैसर्गिक शेतीचे जपानी प्रवर्तक मासानोबू फुकुओका ती पाहायला आले होते. सावे २०१५ साली गेले. त्यांची एक शिकवण मी रोज वापरतो: लागवड जागेत आखतात तशी काळातही आखायची. अल्पजीवी, मध्यजीवी आणि दीर्घजीवी झाडं एकाच दिवशी लावायची. पहिल्या वर्षी मूग-चवळी-वाल खायचे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी केळी-पपई, आणि तोवर त्यांच्या सावलीत आंबा-चिकू-माड मोठा होत असतो. पहिली दोन माघार घेतात तेव्हा तिसरा उभा असतो.

दुसरे श्रीपाद अच्युत दाभोलकर. गणिताचे शिक्षक, कोल्हापूरचे, प्रयोग परिवाराचे संस्थापक. "विपुलाच सृष्टी" हे त्यांच्या पुस्तकाचं नाव आणि तीच त्यांची श्रद्धा. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब स्वाभिमानानं जगू शकतं, हे त्यांनी हिशेबानं मांडलं. शेतकरी माती पिकवतो असं आपण म्हणतो. दाभोलकर म्हणत की तो ऊन पिकवतो, पान म्हणजे उन्हाची ओंजळ. त्यांच्याच पद्धतीवर २००२च्या सुमारास प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग केली. हजारो कामगारांचं जेवण जिथे शिजायचं तिथला ओला कचरा गच्चीवरच जिरवून त्यात भाज्या आणि फळझाडंसुद्धा आली. तिसरं उदाहरण रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राच्या लाखी बागेचं: माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस. माडाची बहुतेक मुळं खोडापासून दोन मीटरच्या आत असतात, आणि पंचवीस वर्षांपुढच्या माडाखाली भरपूर ऊन झिरपतं. म्हणून माडाखाली दुसरी बाग मावते. आणि ज्यांना शंका आहे की मुंबईच्या भरावाच्या मातीत जंगल येतं का, त्यांनी रविवारी धारावीला लागून असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जावं. सदतीस एकर. १९७७ पर्यंत तिथे शहराचा कचरा पडत होता. १९९४ साली २२ एप्रिलला ते खुलं झालं.

आता आमच्या इमारतीकडे येतो, कारण पुस्तकातून शिकलो त्यापेक्षा जास्त मी तिथे चुकून शिकलो.

इमारत १९४०च्या दशकातली, तळमजला अधिक तीन. उत्तरेला साठ फूट लांब, पंधरा फूट रुंद पट्टा. पूर्वेला त्याहून अरुंद. निवृत्त झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी उत्तरेच्या पट्ट्यात लिंबू, पेरू, पपई लावली. जून महिना, तिथे ऊन दिसत होतं. दिवाळीपर्यंत झाडं पिवळी पडली, नाताळपर्यंत लिंबावर पिठ्या ढेकणाची पांढरी कापसासारखी पुटं चढली, मुंगळ्यांच्या रांगा लागल्या. मी कडुनिंबाचं तेल फवारत बसलो. दोष किडीचा नव्हताच. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून इमारतीच्या उत्तरेलाही ऊन येतं. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की बारा मीटर उंच इमारतीची भर बाराची सावली अकरा मीटर पडते. माझा पंधरा फुटांचा पट्टा त्या सावलीत पुरता बुडालेला. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसानं हे आधी बघायला हवं होतं. बाईंनी नक्की विचारलं असतं, "वर्षभर थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

म्हणून आखणीचा पहिला नियम मी असा सांगतो: एक वर्ष काही लावू नका, फक्त बघा. प्रत्येक महिन्याच्या एकवीस तारखेला सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता जमिनीवर खडूनं सावलीची कड आखा आणि वहीत उतरवून घ्या. बारा पानं झाली की वाडीचा नकाशा आपोआप तयार होतो. सहा तास ऊन जिथे मिळतं तिथे फळ. तीन-चार तास मिळतं तिथे पाला आणि वेल. त्याहून कमी तिथे अळू, हळद, आंबेहळद, आलं, सुरण. सावलीत काही येत नाही हा समज सोडून द्या. अळूला आपल्या मुंबईच्या मागच्या गल्लीइतकी आवडती जागा दुसरी नाही.

दुसरं बघायचं ते पाणी. मुंबईत सरासरी बावीसशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शंभर चौरस मीटर गच्चीवर वर्षाला दोन लाख वीस हजार लिटर पाणी पडतं. मग आठ महिने कोरडे. म्हणजे आपल्या वाडीला एकाच वर्षात दोन दुखणी: श्रावणात मुळं कुजतात, वैशाखात पानं करपतात. दोन्हीवर औषध एकच, आणि ते म्हणजे आच्छादन. वीतभर पालापाचोळा मातीवर असला की धो धो पावसात माती वाहत नाही आणि उन्हाळ्यात ओल उडत नाही. सावे यांनी झाडांच्या दोन ओळींमध्ये चर ठेवले, पाणी चरात आणि झाडं उंचवट्यावर. आम्ही त्याचंच लहान रूप केलं: वाफे वीतभर उंच, मध्ये फूटभर चर, चरात फांद्या आणि झावळ्यांचे तुकडे. पाणी मुरतं, साचून राहत नाही. साचू द्यायचं नाहीच, कारण डेंग्यूचा डास वाटीभर पाण्यात होतो आणि एक रुग्ण निघाला की अख्खी सोसायटी वाडीच्या विरोधात जाते. ते बरोबरही आहे.

तिसरी माती. आमच्याकडे पहिला खड्डा दोन फूट खोदला तेव्हा वर चार बोटं काळपट धूळ, मग लादीचे आणि विटांचे तुकडे, एक अर्धं मंगलोरी कौल, चुन्याचे गोळे, मग लालसर मुरुमाची भर, आणि सगळ्यात खाली करडी, चिकट, खाजणाची माती. तिला खाडीचा वास होता, आणि तिच्यात एक अख्खा शिंपला होता. सिटी ट्रस्टच्या आधीचा माटुंगा माझ्या हातात आला होता. मी तो शिंपला धुऊन ठेवला आहे.

अशा भरावाच्या जमिनीत थेट काही लावायचं नाही. वर दुसरी माती उभी करायची. दाभोलकरांच्या परिवारात तिला अमृतमाती म्हणतात. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालायचं. या पाण्यात सुका पाला रात्रभर भिजवायचा आणि थरावर थर देत ढीग लावायचा, मधूनमधून मूठभर माती. शेण आम्हाला देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या मावशींकडून मिळतं. काही महिन्यांनी ढीग अर्ध्यावर बसतो. मूठ भरली की ओली कॉफीची पूड हातात घेतल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या पावसाचा वास येतो. वास आंबट आला तर समजावं की हवा कमी पडली, ढीग उलटावा. रस्त्याला लागून असलेल्या मातीत शिशासारखे जड धातू असू शकतात, म्हणून तिथे कंद लावण्याआधी माती तपासून घ्या. हा खर्च टाळू नका.

चौथं बघायचं ते माणसं, आणि आखणीत हेच सगळ्यांत शेवटी लक्षात येतं. लावण्याआधी मी चौदा घरांत कागद दिले: आठवड्यात तीनदा तरी लागतं असं काय, ते लिहा. कढीपत्ता सगळ्यांच्या कागदावर. तमिळ घरांना केळीचं पान आणि शेवगा, गुजराती घरांना उंधियूसाठी कोनफळ, आम्हाला अळू आणि हादग्याची फुलं. पेरू कोणी लिहिला नव्हता. जे घरात खाल्लं जातं ते झाड कोणी तोडू देत नाही. शोभेचं झाड एका बैठकीत जातं.

मग लागवड. पहिल्या वर्षी गिरिपुष्प, हादगा, तूर, ताग. ही झाडं मातीत नत्र घालतात आणि छाटून त्यांचाच पाला आच्छादनाला येतो. त्यांच्यात केळी आणि पपई. कायमची झाडं मोजकीच: पूर्वेला एक शेवगा, दोन कढीपत्ते, एक लिंबू, एक बिमली, कोपऱ्यात, भिंतीपासून लांब, एक फणस. उत्तरेच्या पट्ट्यात अळू, हळद, सुरण, आणि कुंपणावर करांदा, मायाळू, तोंडली. मोठं झाड लावताना हात आखडताच ठेवा. महाराष्ट्रात शहरी झाडांच्या संरक्षणाचा १९७५चा कायदा आहे. वाढलेलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि लागायलाच हवी. आज दीड फुटाचं रोप लावणारा माणूस पुढच्या पन्नास वर्षांचा निर्णय घेत असतो. मियावाकी पद्धतीची दाट जंगलं महापालिकेनं गेल्या काही वर्षांत लावली, ती हवेसाठी चांगली आहेत. पण वाडीला तितकी दाटी चालत नाही. वाडीत माणसाला शिडी घेऊन शिरावं लागतं.

आता राखण. वाडी एकदा लावली की आपोआप चालते असं काही जण सांगतात. पहिली तीन वर्षं तरी हे खरं नाही. रोज अर्धा तास लागतो, आणि त्यातला निम्मा वेळ नुसतं बघत फिरण्यात जातो. वैशाखात छाटणी आणि आच्छादन. मृगाआधी चर साफ. श्रावणात वेलींना वळण लावणं, नाहीतर करांदा पंधरा दिवसांत लिंबाचा गळा धरतो. पाऊस थांबला की लगेच पाणी सुरू, कारण ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं. पौषात सुरणाचं पान पिवळं पडून कोलमडलं की काढणी, मग हळद. आवारात माड असेल तर गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांच्यासाठी त्याच्या शेंड्याकडे लक्ष ठेवायचं, आणि नारळ वेळेवर उतरवून घ्यायचे. डोक्यावर नारळ पडू शकतो अशा जागी माणसानं झाडावर प्रेम करावं ही अपेक्षा चुकीची आहे. घुशी हा मुंबईचा खरा शत्रू. उघडा शिजलेला कचरा वाडीत टाकला की त्या येणारच. आम्ही फक्त कच्चा पाला-देठ जिरवतो.

पण आमची सगळ्यांत मोठी लढाई झाली ती खराट्याशी. सकाळी सहा वाजता झाडणारे काका येत आणि मी आदल्या दिवशी पसरलेलं आच्छादन गोळा करून पोत्यात भरत. त्यांचा दोष नव्हता. चाळीस वर्षं त्यांना हेच सांगितलं होतं की पान पडलेलं दिसलं तर अंगण घाण. सर्वसाधारण सभेत दीड तास पानांवर चर्चा झाली. एका आजोबांनी विचारलं, "साप आले तर?" प्रश्न योग्य होता. आम्ही वाफ्यांना विटांची कड केली, वाट दोन फूट रुंद आणि रोज झाडलेली ठेवली. पान वाफ्यात असलं तर खत, वाटेवर असलं तर केर, एवढी एक रेघ आखल्यावर भांडण मिटलं. पुढच्या वर्षी तेच काका गांडूळ मोजून दाखवायला लागले. त्यांच्या गावी, खेड तालुक्यात, आईचं परस होतं. करांदे भाजून कसे खायचे ते आम्हाला त्यांनीच शिकवलं.

सहाव्या वर्षी फणस लागला. एकच. तो कोणाचा यावर वाद होईल अशी मला भीती होती. तळमजल्यावरच्या मल्याळी आजींनी हाताला खोबरेल लावून तो अंगणातच फोडला, चौदा घरांत गरे गेले, आठळ्या वॉचमनच्या चुलीवर उकडल्या. त्या दिवसानंतर वाडीविरुद्ध सभेत कोणी बोललं नाही.

आता मी जे सांगायला आलो आहे ते सांगतो. माटुंग्यातल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. जाणं भागही आहे. गळकी छपरं आणि जिन्यांचे टेकू मी रोज बघतो. पण नव्या इमारतीत गाड्यांसाठी तळघर प्लॉटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत खोदलं जातं, आणि हिरवळ वर पोडियमवर, स्लॅबवरच्या हातभर मातीत येते. त्यात गवत येतं, शोभेचे पाम येतात. फणस येत नाही, जांभूळ येत नाही, पावसाचं पाणी खाली मुरत नाही. एकदा खणून काढलेली जमीन परत मिळत नाही. कराराच्या वाटाघाटीत आपण कार्पेटचे चौरस फूट मोजतो, भाडं मोजतो, कॉर्पस मोजतो. त्या यादीत एक ओळ घाला: प्लॉटच्या एका बाजूला, किमान दहा फूट रुंद, खाली तळघर नसलेली, थेट पृथ्वीला जोडलेली जमीन. वास्तुरचनाकाराला हे पहिल्या नकाशाच्या आधी सांगितलं तर जमतं. खणून झाल्यावर सांगून उपयोग नाही. ज्यांच्या इमारतीचा करार अजून झालेला नाही, त्यांनी येत्या सभेत हा ठराव मांडावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

बाहेर टेबलावर सुरणाचे लहान कंद ठेवले आहेत. आमच्या वाडीतले आहेत, प्रत्येकानं एक घेऊन जा. अक्षय्य तृतीया जवळ आली आहे. फूटभर खोल खड्डा करा, खाली दोन ओंजळी कुजलेला पाला घाला, कंदाचा डोळा वर ठेवून लावा आणि वर जाड आच्छादन द्या. पहिला पाऊस पडेपर्यंत काही दिसणार नाही, उकरून बघू नका.